खेळाडूचे मन आणि मैदानाबाहेरची जात

खेळाडूच्या मानसिक आरोग्याविषयी अलीकडे बरेच बोलले जाते. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली सिमोन बाइल्स या अमेरिकन जिम्नॅस्टने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली, आणि खेळाडूलाही मन असते हे वर्तमानपत्रांना एकदम आठवले. त्यानंतर आपल्याकडेही दडपण, एकाग्रता, सकारात्मक विचार अशा विषयांवर व्याख्याने सुरू झाली. ती ऐकताना एक गोष्ट मला सतत खटकते. या सगळ्या मांडणीत खेळाडू एकटा असतो. त्याला घर नसते, वस्ती नसते, आडनाव नसते. दडपण येते ते सामन्याचे, आणि ते पेलायचे त्याने स्वतःच्या जिद्दीवर.

त्याच ऑलिंपिकमध्ये हॉकीपटू वंदना कटारिया हिने 31 जुलै रोजी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी मे महिन्यात तिचे वडील वारले होते आणि सराव शिबिरामुळे तिला अंत्यदर्शनालाही जाता आले नव्हते. 4 ऑगस्टला उपांत्य सामन्यात भारत अर्जेंटिनाकडून हरला. तेव्हा हरिद्वारजवळच्या तिच्या गावी, तिच्या घरासमोर फटाके वाजले. संघात दलित फार झाले म्हणून हरलो, असे बोलले गेले. पुढे पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. आणि 6 ऑगस्टला वंदना ब्रिटनविरुद्ध पुन्हा मैदानात उतरली व तिने गोल केला. तिच्या जिद्दीचे कौतुक सर्वांनी केले. पण अकरा जणी हरल्या असताना पराभवाचा जाब एकीच्या घराला का विचारला गेला, हा प्रश्न कौतुकात बुडून गेला.

मानसशास्त्राने या प्रश्नाला थोडे उत्तर दिलेले आहे. अमेरिकेत जेफ स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोऱ्या व काळ्या विद्यार्थ्यांना गोल्फचा एकच छोटा खेळ खेळायला दिला. ही खेळातील बुद्धीची चाचणी आहे असे सांगितले की काळ्या विद्यार्थ्यांचा खेळ खालावे. ही उपजत शारीरिक क्षमतेची चाचणी आहे असे सांगितले की गोऱ्यांचा. हात तेच, काठी तीच, खेळही तोच. बदलले होते फक्त एक वाक्य. आपल्या समूहाविषयीचा हीन समज आपल्या चुकीने खरा ठरेल, ही भीती मनाचा एक भाग अडवून ठेवते आणि खेळायला उरलेलाच भाग मिळतो. आपल्याकडे शाळेतच सांगितले जाते, “तुमची पोरं काटक, तुम्ही पळा.” ही स्तुती नव्हे. डोके दुसऱ्याचे आणि पाय तुमचे, अशी ती वाटणी आहे.

ही वाटणी जुनी आहे. चर्मकार समाजातील पळवणकर बाळू हे या देशातील पहिल्या थोर गोलंदाजांपैकी एक. पुण्यात हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत. चहाच्या वेळी मात्र बाळूंनी पॅव्हेलियनबाहेर थांबायचे, आणि चहा मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. (पुढे 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. ते आपण विसरलेलो नाही. पण म्हणून त्यांच्या वाट्याला आलेले ते भांडे खोटे ठरत नाही.) अशी वर्षे काढणाऱ्याच्या मनाची अवस्था कोणी नोंदवलेली नाही. नोंदवले गेले ते बळी.

पण 1920 मध्ये जे घडले ते लक्षात घेण्याजोगे आहे. बाळूंना डावलले गेले तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम या दोघांनी जाहीर निवेदन देऊन संघातून अंग काढून घेतले. पुढच्या सामन्यात बाळूंना उपकर्णधार करावे लागले, आणि 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. बाळूंना कोणी मन घट्ट करायला सांगितले नाही. त्यांच्या बाजूने दोन माणसे उभी राहिली. वंदनाच्या वेळीही कर्णधार राणी रामपाल हिने त्या प्रकाराचा उघड निषेध केला.

आमच्या महाविद्यालयाच्या कबड्डी संघाबरोबर मी अधूनमधून जातो. एका स्पर्धेत मुक्कामाच्या गावी जेवणाच्या पंगतीत वाढणाऱ्याने आमच्या एका मुलाला पूर्ण नाव विचारले. नाव ऐकून तो पुढे सरकला आणि त्या मुलाला दुसऱ्याने, जरा वरूनच, वाढले. एवढेच. संघातला सर्वांत चांगला चढाईपटू तो. दुसऱ्या दिवशी मधली रेषा ओलांडायला कचरू लागला. खेळाचे सर म्हणाले, आत्मविश्वास कमी पडतोय, त्याला समुपदेशकाकडे पाठवू. पाठवावे, त्यात वावगे काही नाही. परतीच्या एस.टी.त मी त्याला विचारले, “वाढणाऱ्याचा राग आला का रे?”

तो म्हणाला, “त्याचं काय सर, तो परका. आपले अकरा जण जेवत राहिले.”

त्या अकरांच्या शेजारी मीही जेवत होतो. पुढच्या स्पर्धेआधी आम्ही संघाची बैठक घेतली, आणि तिचा विषय त्या मुलाचा आत्मविश्वास हा नव्हता. अशा वेळी पंगतीतून कोण उठणार, एवढे एकच विचारले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग राखीव खेळाडूंपैकी एकाने हात वर केला.