घरचं सुतारकाम (भाग ९) : पैसे बोल्टात नको, वायसरात घाला

मागच्या आठवड्यात टेबलाचे पाय आणि आडवे दांडे रंधून चौरस करून ठेवले. आता ते बांधायचे. टेबल जागचं हलवायचंच नसतं, तर सगळीकडे कुसू पाडून चिकटवलं असतं. पण हे धूड जिन्यावरून न्यायचंय, उद्या घर बदललं तर सोबतही न्यायचंय. म्हणून दोन्ही बाजूंच्या चौकटी चिकटवून पक्क्या करायच्या आणि त्यांना जोडणारे चार लांब दांडे बोल्टांनी आवळायचे. दांडे चार, टोकं आठ, बोल्टही आठ.

दुकानात गेलात की बहुतेक वेळा ८.८ चा हायटेन्साइल बोल्ट पुढे येतो. त्याची गरज नाही. साध्या ४.६ दर्जाचा १२ एमएमचा बोल्ट सरळ ओढून तोडायचा तर तीन टनांहून जास्त ताण लागतो. रंध्याच्या किंवा हातोडीच्या कामात एका सांध्यावर त्याच्या जवळपासही ताण येत नाही. त्याच्या कितीतरी आधी लाकूड दबतं. दमतं ते लाकूड, आणि काळजीही त्याचीच घ्यायची.

आपल्या भागात तर जास्तच. जावळी-पाटणच्या पावसात लाकूड फुगतं, नटाखाली चेपतं, आणि चैत्रात आकसलं की तिथे फट राहते. जतला किंवा आटपाडीला कोरड्या हवेत केलेलं टेबल पावसाळ्यात महाबळेश्वरला नेलं तर हेच आणखी लवकर होईल. मग टेबल करकरायला लागतं आणि लोक बोल्ट बारीक पडला म्हणतात. खरं तर वायसर लहान पडलेला असतो. १२ एमएमच्या बोल्टाचा नेहमीचा वायसर २४ एमएमचा असतो. त्याऐवजी ४० एमएमचा चौकोनी तुकडा घातला तर लाकडावर टेकणारी जागा साडेचार पट होते. दाब तितकाच कमी.

हा तुकडा विकत घ्यायची गरज नाही. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीच्या आसपास कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात ४० बाय ५ च्या पट्टीचे कट पडलेले असतात. चाळीस-चाळीसचे तुकडे पाडून मधोमध १३ चं भोक मारून घ्या, कडा कानशीने घासा. आडव्या दांड्यात आतल्या नटासाठी कोरलेल्या घरात एवढा मोठा तुकडा बसणार नाही; तिथे मावेल तेवढा घाला.

बोल्टही लांब मापाचे शोधत बसू नका. तीन इंची पायातून जाऊन दांड्यात ऐंशी एमएम शिरणारा बोल्ट साध्या दुकानात सहज मिळत नाही. मीटरभर लांबीचा आट्यांचा रॉड मिळतो. दोन रॉड घेतले की दोनशे एमएमचे दहा तुकडे पडतात. आठ लागतात, दोन शिल्लक. कापण्याआधी रॉडवर एक नट चढवून ठेवा. हेक्सा ब्लेडने कापलं की तोंडावर बुरी उठते, आटे दबतात. तो नट सावकाश फिरवत बाहेर काढला की आटे आपोआप सरळ होतात. पहिला नट थोडा अडेल. जोर करू नका, मागे-पुढे करत काढा. दांड्याच्या टोकावरून थेट स्क्रू मारून भागवायचा मोह होतो, पण उभ्या रेषांत आटे धरत नाहीत.

आता मी स्वतः केलेली चूक सांगतो, कारण तिने मला एक अख्खं टेबल उलगडायला लावलं. भंगारातून तीन सुती बोल्ट आणले आणि नवे १० एमएमचे नट घेतले. नट हाताने चढला, अगदी सहज. तो सहज चढला तेव्हाच थांबायला हवं होतं. तीन सूत म्हणजे साडेनऊ एमएम, आणि आट्यांतलं अंतरही वेगळं. पान्याने आवळताच आटे सरकले. इंग्लिश अभियंता व्हिटवर्थने १८४१ साली ठरवलेले इंची आटे ५५ अंशांचे, मेट्रिक ६० अंशांचे.

आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. त्याआधी इथे लोखंडाचं काम जोरात सुरू झालेलं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. साताऱ्यात १९२२ पासून कूपरचा कारखाना. दोघांचीही सुरुवातीची ओळख लोखंडी नांगराची. ज्या भागात यंत्रं इतकी जुनी आहेत, तिथल्या भंगारात इंची माल निघणारच. तो चांगलाही असतो. फक्त नट आणि बोल्ट एकाच जातीचे घ्या, आणि दुकानातच नट पूर्ण लांबीभर फिरवून बघा.

लाकडातलं भोकही १३ चं पाडा, म्हणजे रॉड लाकडाला ओरबाडत नाही. एकच बोल्ट असला की दांडा त्याच्याभोवती फिरतो. म्हणून टोकाला सेंटिमीटरभराचं कुसू ठेवा आणि पायात तेवढीच खाच पटाशीने काढा. आतला नट घरात धरायचा, बाहेरचा पान्याने आवळायचा. लाकडात वायसरची कड उमटायला लागली की थांबा. दिवाळीनंतर एकदा आणि शिमग्याला एकदा आठही नटांना पाना लावून बघा. पहिल्या वर्षी प्रत्येकाला पाव फेरा तरी मिळेल.

पुढच्या भागात वरच्या फळ्या बसवू.