काजळीत अडकलेला व्हॉल्व्ह

टर्बो डिझेल गाडीचा आजार चढावर उघडा पडतो. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या पुलावर आमची गाडी ओढेना, मागे काळा धूर, आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला. एका गॅरेजवाल्याने बोनेट न उघडताच निदान केलं : टर्बो गेला, बदलावा लागेल. मी गाडी साकीनाक्याच्या एका मिस्त्रींकडे नेली आणि काम संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

स्कॅनरवर दोन कोड आले. पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी. पी०४०४, म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह सांगितल्याप्रमाणे हलत नाही. "दाब कमी आहे एवढंच तो सांगतोय साहेब. का कमी आहे ते आपण शोधायचं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी आधी टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होज पाईप हाताने चाचपले, कुठे चीर नाही, क्लिप सैल नाही. मग वेस्टगेटच्या अ‍ॅक्च्युएटरला हातपंप लावला. दांडी सरळ पुढे आली, मागे गेली. टर्बोची चक्री बोटाने फिरवली, ती मोकळी होती. इथपर्यंत एक रुपयाचाही भाग बदलला नव्हता.

आता इंजिन चालू ठेवून स्कॅनरचे चालू आकडे. कॉम्प्युटर व्हॉल्व्हला म्हणत होता शून्य, पूर्ण बंद हो. व्हॉल्व्ह मात्र एक तृतीयांश उघडाच. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला, आकडा जागचा हलेना.

ईजीआर व्हॉल्व्ह सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर परत इंजिनात पाठवतो. त्या धुरात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं कमी तयार होतात. जोर लावायच्या वेळी मात्र तो बंदच हवा. उघडा राहिला की ताज्या हवेची जागा धूर घेतो, डिझेल अर्धवट जळतं. वर, ज्या धुराच्या झोतावर टर्बोची चक्री फिरायची तोच आडवाटेने निघून जातो. टर्बोचा दाब पडला तो यामुळे. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

इंजिन गार झाल्यावर व्हॉल्व्ह उतरवला. तोंडावर काजळीचा जाड थर, वरून ओलसर, आत दगडासारखा. इंजिनाच्या तेलाची वाफ आणि धूर एकत्र आले की हेच होतं, आणि अंधेरी-घाटकोपरच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीत फार लवकर होतं. मिस्त्रींनी तोंड खाली धरून स्प्रे मारला, म्हणजे मळी मोटरच्या बाजूला उतरू नये. लाकडी काडीने खरवडलं, पितळी ब्रशने दांडी साफ केली. शेवटी बंद व्हॉल्व्हच्या बैठकीवर डिझेल ओतून वाट पाहिली. एक थेंबही खाली आला नाही. एवढं झाल्यावरच नवं पॅकिंग टाकून तो बसवला.

शेजारी उभ्या एकाने सल्ला दिला, पत्रा लावून भोकच बंद करून टाका, कायमची कटकट मिटेल. हा उपाय सर्रास चालतो, आणि मला तो अजिबात पटत नाही. मुंबईत भारत स्टेज ४ चे प्रदूषण-मर्यादेचे नियम एप्रिल २०१० पासून लागू झाले. डिझेल गाड्या त्या मर्यादेत बसल्या त्यात या व्हॉल्व्हचा वाटा आहे. पत्रा लावला की काळा धूर कदाचित दिसणार नाही, पण न दिसणारा वायू वाढतो, आणि तो हायवेलगतच्या चाळींत, शाळांतच शिरतो. मिस्त्रींनीही पत्र्याला साफ नकार दिला.

कोड पुसले, व्हॉल्व्हची बंद स्थिती स्कॅनरने नव्याने शिकवली आणि त्याच पुलावर ट्रायल मारली. या वेळी मागितलेला आणि मिळालेला दाब सोबत चढत गेले, आरशात धूर नव्हता. परतल्यावर मिस्त्रींनी बिलाच्या मागे लिहून दिलं : पुढच्या सर्व्हिसला इंजेक्टर आणि ब्रीदर पाईप तपासणे, आणि अधूनमधून नाशिक हायवेला गाडी तासभर एका वेगाने पळवणे.