पिकअपच्या पोटात कॉर्व्हेटचं इंजिन

1970 सालच्या शेव्हरोले सी-10 पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, केबिनमध्येच असते. स्पोर्ट्‌स कारचं इंजिन या गाडीत बसवायचं ठरल्यावर आम्ही पहिला हात घातला तो या टाकीला. जुन्या कार्बोरेटरला पाचेक पीएसआय दाबाने पेट्रोल मिळालं की पुरे. नव्या इंजिनाच्या इंजेक्टरना 58 लागतं. तेवढ्या दाबाने पेट्रोल ढकलणारा पंप आणि टाकी पाठीशी घेऊन बसणं मला पटणारच नव्हतं. टाकी बदलून मागच्या हौद्याखाली गेली, आत इलेक्ट्रिक पंप आला.

गाडी मिशिगनमधल्या माझ्या शेजाऱ्याची. तो बागकामाची कंत्राटं घेतो. माती, दगड, मुळांच्या गड्ड्यासकट झाडं हिच्यातूनच जातात. तिचं 4.1 लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन ऑइल खायला लागलं होतं. त्याच्या जागी अपघातात मोडलेल्या 1999 च्या कॉर्व्हेटचं एलएस1 आलं : 5.7 लिटर, व्ही-8, 345 हॉर्सपॉवर. जुन्या इंजिनाच्या कागदावर 155 लिहिलंय, पण अमेरिकेत तेव्हा एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे काढून मोजत. खरा फरक दुपटीहून बराच जास्त.

एवढी ताकद इतक्या थोड्या जागेत कशी मावते, ते इंजिन स्टँडवर चढवलं की दिसतं. कॅमशाफ्ट हेडवर नाही, ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या दोन रांगांच्या बेचक्यात. व्हॉल्व्ह पुशरॉडने उघडतात, त्यामुळे हेड आटोपशीर आणि इंजिन अरुंद. शेव्हरोलेच्या 1955 च्या व्ही-8 मध्ये शेजारच्या सिलिंडरांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 4.4 इंच होतं. इथेही तेवढंच आहे. जुनाट म्हणून या रचनेला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला ती फार शहाणी रचना वाटते.

तरी ते सुखासुखी बसलं नाही. कॉर्व्हेट जमिनीलगत धावते, म्हणून तिचा ऑइल चेंबर उथळ आणि दोन्ही अंगांना पसरलेला. तो चासीला अडला. हेच इंजिन कमारोतही येत असे. तिचा अरुंद चेंबर मिळवला आणि त्याच्याबरोबर ऑइल ओढणारी नळीही बदलली. शेजाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ या नळीवर घालवला. तिच्या तोंडाची ओ-रिंग जराशी चिमटली तरी पंप हवा ओढतो, ऑइलचं प्रेशर पडतं आणि बेअरिंगं जातात. तो रिंगेला ऑइल लावायचा, नळी सरळ आत ढकलायचा, पुन्हा बाहेर काढून टॉर्चच्या उजेडात रिंग निरखायचा. घाई नाही, बोलणं नाही.

कूलंटचं काम नाजूक. हेडच्या उंच टोकांशी वाफ साचते. तिला वाट करून देणारी बारीक नळी रेडिएटरकडे न्यावीच लागते, नाहीतर इंजिन तापतं. वायरिंगची तर वेगळीच गंमत : चोरी रोखणारा संकेत गाडीकडून मिळाला नाही की कॉर्व्हेटचा कॉम्प्युटर इंजिन चालूच ठेवत नाही. ते कुलूप सॉफ्टवेअरमधून काढून टाकलं. ॲक्सिलरेटरही वायरचा, म्हणून पेडल कॉर्व्हेटचंच आलं.

कॉर्व्हेटचा गिअरबॉक्स मात्र उपयोगी पडला नाही. तो इंजिनाला जोडलेला नसून मागच्या एक्सलशी असतो. त्याच पिढीच्या शेव्हरोले पिकअपचा चार गिअरचा ऑटोमॅटिक लावला. एलएस1 चा कमाल टॉर्क 4,400 फेऱ्यांना येतो आणि माती भरलेली गाडी कोणी तिथपर्यंत ताणत नाही. खालच्या फेऱ्यांनाही जोर जुन्या इंजिनाहून जास्तच, पण जागचं ओझं हलवायला पहिल्या गिअरचा 3.06 हा आकडा कामी येतो.

मी आग्रह धरला तो ब्रेकसाठी. सी-10 ला पुढच्या चाकांना डिस्क 1971 पासून मिळाले. ही गाडी एका वर्षाने हुकलेली, चारी चाकांना ड्रम. इंजिनाला स्टार्टर मारण्याआधी पुढे डिस्क बसलेच पाहिजेत, असं मी म्हणत राहिलो आणि शेजाऱ्याने ते मानलं.

आता मातीच्या खेपा सुरू आहेत. चढावरही पाण्याचा काटा हलत नाही. हौदा भरलेला असताना गिअर दुसऱ्यावरून तिसऱ्यावर फार लवकर पडतो, तेवढं कॉम्प्युटरमध्ये दुरुस्त करायचं राहिलंय.