घाम कोणास अधिक, कोणास कमी?

वैशाखांत एकाच बांधावर दोन गडी जोडीनें कुदळ चालवीत असतात. एकाचा सदरा तासाभरांत पिळून काढण्याजोगा होतो. दुसऱ्याच्या कपाळावर चार थेंब दिसले तर दिसतात. यावरून पहिला नाजूक किंवा दुसरा कामचुकार ठरविण्याची आपल्यांत जुनी चाल आहे. हे दोन्ही तर्क बहुधा खोटे असतात, आणि त्यांपायीं प्रसंगीं गड्याच्या जिवावर बेततें. म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

मनुष्याच्या त्वचेंत घामाचे पिंड सुमारें २० ते ४० लक्ष असतात; पण ते सर्वच काम करतात असें नाहीं. जपानी शरीरशास्त्रज्ञ यास कुनो यांनीं घामाच्या अभ्यासांत आयुष्य वेंचलें. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. मूल पहिल्या दोन-अडीच वर्षांत ज्या हवेंत वाढतें, तिच्यावर त्याचे किती पिंड जागे होणार हें पुष्कळसें अवलंबून असतें, असें त्यांस आढळलें. मोठेपणीं उष्ण देशांत जाऊन राहिल्यानें ही संख्या वाढत नाहीं.

संख्येपेक्षांहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे संवय. अंगमेहनतीच्या कामानें शरीरांत जी उष्णता उत्पन्न होते, ती बाहेर टाकण्यासाठीं घाम येतो; म्हणून भारी अंगाचा किंवा जड काम करणारा अधिक घामेजतो हें उघड आहे. परंतु उन्हांत रोज काम केल्यास एक ते दोन आठवड्यांत शरीर नवें वळण घेतें: घाम लवकर सुटूं लागतो, अधिक येतो, आणि त्यांतून मीठ कमी जातें. अर्थात् निथळणारा गडी पुष्कळदां कसलेला गडी असतो. दोन-तीन आठवडे काम सुटलें कीं हा लाभ बराचसा ओसरतो. यासाठीं नवख्या मनुष्यास पहिल्या दिवशीं उन्हांतील कामाचा पांचवा हिस्साच द्यावा व रोज तितकाच वाढवीत जावें. मजुरी पुरी देऊन काम थोडें घेणें मालकास जड वाटेल; पण उष्माघाताचे बळी पहिल्या कांहीं दिवसांतील नवखेच अधिक असतात.

आतां कोरड्या दिसणाऱ्या गड्याविषयीं. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. थेंब होऊन गळला तर जवळजवळ कांहींच नेत नाहीं. कोंकणांतील दमट हवेंत घाम वाळत नाहीं, म्हणून तो डोळ्यांस दिसतो. वऱ्हाडांतील झळांत तो येतांक्षणींच उडून जातो, आणि गडी कोरडा दिसत असतां त्याच्या अंगांतून ताशीं लिटरभर पाणी गेलेलें असतें. त्याची तहान सदऱ्यावरून मोजूं नये. दर वीस मिनिटांस पेलाभर पाणी द्यावें. नुसतें पाणीहि पुरत नाहीं. इंग्लंडांतील कोळशाच्या खाणींत घामानें भिजून केवळ पाणी पिणाऱ्या मजुरांस पेटके येत, व पाण्यांत थोडें मीठ घातल्यानें ते टळत, हें मॉस यांनीं १९२३ सालीं दाखविलें. आपल्याकडील मीठ घातलेलें ताक हेंच काम करतें.

जनावरांतहि हा भेद आहेच. आपल्या वशिंडाच्या बैलास विलायती जनावरापेक्षां घाम चांगला येतो. म्हशीस पिंड थोडे व कातडी काळी, म्हणून तिला डुंबल्यावांचून गत्यंतर नाहीं.

कांहींच्या तळहातांस थंडींतहि घाम फुटतो. ही खोड बहुधा घराण्यांत चालत येते व तींत भय नसतें. रात्रीं अंथरूण भिजविणारा घाम, ताप आणि वजन घटणें यांची सांगड दिसल्यास मात्र क्षयाची तपासणी करून घ्यावी.

सर्वांत सावध राहावें तें फवारणीच्या दिवसांत. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करणारे अनेक शेतकरी व मजूर विषबाधेनें दगावले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकें घामाच्या पिंडांस चेतविणाऱ्या मज्जातंतूंचा आवर घालवितात. फवारणाऱ्यास अवचित घामाच्या धारा लागल्या, लाळ गळूं लागली, डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या झाल्या, तर तो उन्हाचा घाम समजूं नये. कपडे उतरवून अंग साबणानें धुवावें, आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गांठावें. तेथें ॲट्रोपीन टोंचतात. तें द्रव्य धोतऱ्यांतहि असतें. तरी घरीं धोतऱ्याचें बीं कोणीं देऊं नये, कारण त्याचें प्रमाण प्रत्येक झाडांत वेगळें असतें.