विजेची मोटार घरी आल्यावर

१ जुलै २०२२ पासून सरकारने विजेवर चालणाऱ्या मोटारींवरील अबकारी कर उठवला आणि तेव्हापासून आपल्या मंडळींत एक प्रश्न वारंवार ऐकू येऊ लागला. घ्यावी की न घ्यावी? त्याच वर्षी मे महिन्यात पेट्रोल, म्हणजे आपल्या बोलीतले लेसांस, लिटरला ७४ रुपयांच्या वर गेले होते. तेव्हा हा प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हता. पुढे सवलतींचे नियम बदलले, लेसांसचा भावही वरखाली झाला, पण प्रश्न काही सुटला नाही. आमच्या घरी अशी मोटार येऊन दोन वर्षे होत आली. लग्नघरी, सत्यनारायणाच्या पूजेला, शाळेच्या शिक्षकखोलीत लोक आम्हांला गाठून विचारतात. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्याने सांगण्यापेक्षा या पानावर एकदाच सविस्तर लिहावे, असे वाटले.

पहिली भीती सर्वांची सारखीच असते: वाटेत वीज संपली तर? ही भीती मोठ्या देशांतून आपल्याकडे आली आहे. आपले बेट लांबीला सुमारे ६५ किलोमीटर. उत्तरेच्या काप माल्हेरेपासून दक्षिणेच्या सुयाकपर्यंत गेले तरी रस्त्याने शंभर किलोमीटर भरत नाहीत. साधारण बॅटरीची गाडीसुद्धा एवढे अंतर सहज कापते. तेव्हा लांबीची काळजी आपल्याला नसावी. आपण काळजी करायची ती उंचीची.

आम्ही राहतो क्यूपीपला आणि कामाला जातो पोर्ट लुईला. अंतर वीसएक किलोमीटर. पण पोर्ट लुई समुद्राच्या पातळीवर, तर क्यूपीप साडेपाचशे मीटर उंचावर. लेसांसच्या गाडीत हा चढ कानाला ऐकू यायचा, पण काट्यावर दिसत नसे. विजेच्या गाडीत तो समोर आकड्यांत दिसतो. आमच्या वर्गातल्या मुलांना आम्ही हेच गणित घातले. गाडी आणि आत बसलेली माणसे मिळून वजन १,७०० किलो धरा, उंची ५५० मीटर, गुरुत्वाकर्षण ९.८. गुणाकार केला की सुमारे ९२ लाख ज्यूल येतात, म्हणजे जवळजवळ अडीच युनिट वीज. सपाट रस्त्यावर वीस किलोमीटरला तीन युनिट पुरतात. म्हणजे संध्याकाळी घरी येताना साडेपाच युनिट लागतात, जवळजवळ दुप्पट! सकाळी उतरताना त्यातला काही भाग परत मिळतो, कारण पाय उचलला की मोटारीचे चाक उलट वीज तयार करून बॅटरीत भरते. दिवसाचा हिशेब, भरताना वाया जाणारी वीज धरून, आठ युनिटांच्या आसपास बसतो.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. जो उंचावर राहतो त्याने रोज बॅटरी काठोकाठ भरू नये. बॅटरी पूर्ण भरलेली असली तर उतारावर तयार होणारी वीज ठेवायला जागाच नसते. मग गाडी ती घेत नाही आणि सारा भार ब्रेकवर येतो. शामारेलहून काझ नोयालकडे उतरणाऱ्यांना हे लगेच कळेल. आम्ही ऐंशी टक्क्यांवर भरणे थांबवतो. बॅटरीच्या आयुष्यालाही ते बरे, विशेषतः दिवसभर पोर्ट लुईच्या उन्हात गाडी उभी राहते तेव्हा.

समोरच्या पडद्यावर ‘एवढे किलोमीटर उरले’ असा जो आकडा दिसतो त्यावर मात्र फार विसंबू नये. तो मागच्या प्रवासावरून पुढचा अंदाज बांधतो. उतरून खाली आलात की तो फुगतो, चढू लागलात की भराभर घसरतो, आणि शेजारी बसलेल्या माणसाचा जीव खाली-वर होतो. उरलेल्या टक्क्यांकडे पाहावे. आमच्या घरात हा नियम ठरल्यावर वाद मिटले.

चालवण्याची सवय आठ-दहा दिवसांत होते. एकाच पायाने गती वाढवणे आणि कमी करणे जमले की जुनी गाडी जड वाटू लागते. अवघड जाते ती शांतता. आमच्या गल्लीत म्हातारी माणसे रस्त्याच्या मधूनच चालतात, मागून गाडीचा आवाज आला की बाजूला होतात. आमच्या गाडीचा त्यांना पत्ताच लागत नाही. नवीन गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज देण्याचा आंतरराष्ट्रीय नियम २०१६ साली झाला, पण जपानहून येणाऱ्या काही जुन्या गाड्यांत तो आवाज बटण दाबून बंद करता येतो, आणि आधीच्या मालकाने तो बंद केलेला असू शकतो. शाळेजवळ राहणाऱ्यांनी हे बटण आधी शोधून काढावे. पहिल्या आठवड्यात शेजारच्या आजींनी आम्हांला दारातच विचारले, “गुरुजी, लोटो सुरू करा की, किती वेळ नुसते बसून राहणार?” गाडी सुरूच होती.

आता येतो खरा घरगुती प्रश्न, आणि आपल्या बेटावरच्या पुष्कळ कुटुंबांना तो पडणार आहे. आपल्याकडे एकाच वाड्यात भाऊ भाऊ राहतात. खाली एक, वरच्या मजल्यावर दुसरा, त्याच्यावर मुलाने बांधायला घेतलेले. आमचेही तसेच. खाली दादा-वहिनी, वर आम्ही. गाडी उभी राहते दादांच्या दारासमोर, कारण दुसरी जागा नाही. म्हणून सुरुवातीला तार लावली ती दादांच्या पडवीतल्या तीन पिनांच्या बॉक्सला. रोजच्या वापराला एवढा साधा बॉक्स पुरतो हे येथे सांगून ठेवतो. १० अँपिअरवर तासाला २.३ युनिट जातात, आठ युनिटांना साडेतीन तास. फार मोठे यंत्र भिंतीवर बसवलेच पाहिजे असे नाही.

पण महिन्याचे बिल आले आणि वहिनींनी ते टेबलावर ठेवले. पैसे आम्ही देणार हे आधीच ठरलेले होते. प्रश्न होता, किती? सी.ई.बी.चा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिले युनिट स्वस्त, पुढचे महाग. आमच्या गाडीची महिन्याची पावणेदोनशे युनिटे दादांच्या घराच्या वापरावर चढली आणि सगळी वरच्या टप्प्यांत जाऊन बसली. दादा म्हणाले, “एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागा, सरासरी काढा आणि तेवढे द्या, भावाभावांत एवढे काय!” वहिनी काही बोलल्या नाहीत. पण सरासरीने हिशेब केला असता तर दादांची स्वस्त युनिटे अर्धी आम्ही खाल्ली असती आणि आमची महाग युनिटे अर्धी त्यांच्या माथी पडली असती. गाडी नसती तर दादांचे बिल किती आले असते, ते वजा करून उरलेले सगळे आम्ही द्यायचे, असे शेवटी ठरले. हा आकडा सरासरीपेक्षा बराच मोठा निघाला. दादांना तो पटेना, वहिनींना पटला.

दोन महिन्यांनी आम्ही आमच्या मीटरपासून खाली स्वतंत्र जाड तार ओढून घेतली, तिला वेगळा कटआउट आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर बसवला. खर्च झाला, पण तो पहिल्याच दिवशी करण्याजोगा आहे असे आमचे मत आहे. हिशेबाखेरीज दुसरे कारण असे की, जुन्या घरांतली वायरिंग दिव्यासाठी आणि टेलिव्हिजनसाठी घातलेली असते. इस्त्री पंधरा मिनिटे चालते. गाडी सलग तीन-चार तास वीज ओढते. क्यूपीपच्या ओलाव्यात गंजलेला बॉक्स, त्यात भर म्हणून गुंडाळलेली लांब एक्स्टेन्शन, म्हणजे आग लागायला पुरेसे. अर्थिंग तपासून घेतल्यावाचून गाडी लावू नये. आणि ज्यांचे घर चौथ्या मजल्यावर आहे, गाडी खाली रस्त्यावर उभी असते, त्यांना तूर्त आम्ही गाडी घ्या असे सांगत नाही. क्यूपीपपर्यंत ऑक्टोबर २०२२ पासून मेट्रो येते; तीही विजेवरच चालते.

काही तरुण मंडळी आम्हांला ‘प्रदूषणमुक्त’ म्हणून हात हलवतात. त्यांच्यासाठी थोडे. बॉक्समध्ये येणारी वीज कुठून येते? आपल्या बेटावर जवळजवळ चार-पंचमांश वीज बाहेरून आणलेल्या जड तेलावर आणि कोळशावर तयार होते. कोळशाच्या विजेचा एक युनिट म्हणजे सुमारे एक किलो कार्बन वायू. आमची रोजची आठ युनिटे केवळ कोळशाची असतील तर आठ किलो. तोच प्रवास लहान लेसांसच्या गाडीने तीन लिटरांत झाला असता, म्हणजे सात किलो. तेव्हा ऊर फुगवण्याचे कारण नाही. जड तेलाच्या विजेवर हिशेब आपल्या बाजूने झुकतो, आणि उन्हाच्या किंवा उसाच्या विजेवर तर पूर्णच आपला.

उसाची वीज हा शब्द वाचून कोणी हसू नये. बागास, म्हणजे रस काढल्यावर उरलेली उसाची चिपाडे, जाळून केलेली वीज आपल्या बेटावर १९५७ पासून सार्वजनिक तारांत जाते आहे. जून ते डिसेंबर कापणीचा हंगाम. त्या दिवसांत बेल व्यू, ला बराक अशा ठिकाणच्या भट्ट्यांत चिपाडे पडतात. हंगाम संपला की त्याच भट्ट्यांत कोळसा. म्हणजे ऑगस्टमधला आपला प्रवास आणि मार्चमधला प्रवास एकसारखा नसतो. आपले पूर्वज मुंबई बंदरातून जहाजात बसून आले ते हाच ऊस कापायला. त्यांच्या वाट्याला त्यातला रसही फारसा आला नाही. आज शेते कमी होत चालली आहेत, कापणीला माणसे मिळत नाहीत, आणि चिपाडेही त्या प्रमाणात घटत आहेत. ऊस गेला तर त्या जागी कोळसा येणार की ऊन, याचा विचार गाडी घेणाऱ्याने आणि न घेणाऱ्यानेही करावा. आम्ही शाळेच्या सुट्टीत आणि शनिवार-रविवारी दुपारी गाडी भरतो, तेव्हा बेटावरच्या सौर-पट्टांतून वीज येत असते. एरवी रात्री अकरानंतर. संध्याकाळी घराघरांत दिवे, इस्त्र्या आणि वातानुकूलन यंत्रे एकदम सुरू असतात, त्या वेळी गाडी लावू नये. गाडीतल्या घड्याळात वेळ ठरवून देता येते.

जपानहून येणाऱ्या जुन्या गाड्यांविषयी दोन शब्द, कारण आपल्यापैकी बहुतेकांना तीच परवडते. सुकाणू उजवीकडे असते हे सोयीचे, पण पडद्यावरची अक्षरे जपानी. आमच्या मुलीने फोनवर भाषांतर करून प्रत्येक बटणाला कागदाची चिठ्ठी चिकटवली. घेताना किती किलोमीटर चालली याहून बॅटरी किती उरली हे विचारावे. निसान लीफमध्ये बॅटरीच्या ताकदीच्या बारा पट्ट्या दिसतात; त्यांतल्या किती शिल्लक आहेत ते मोजावे, आणि चालवून पाहताना सपाट रस्त्यावर नव्हे, चढावर न्यावी. शीघ्र भरण्याचा जपानी खाच युरोपी खाचेपेक्षा वेगळा असतो, तोही पाहून घ्यावा. आणखी एक: मोठ्या बॅटरीखेरीज आत एक लहान १२ व्होल्टची बॅटरी असते. ती मेली की मोठी भरलेली असूनही गाडी हलत नाही. एका विक्रेत्याने आमच्या एका सहकाऱ्याला, मोठी बॅटरीच गेली, असे सांगून मोठी रक्कम मागितली होती. गावातल्या मेकॅनिकने लहान बॅटरी बदलली आणि गाडी चालू लागली.

राहिले वादळ. १९७५ साली जर्वेझ आले तेव्हाच्या आठवणी घरातली मोठी माणसे अजून सांगतात. दादांचा पहिला आक्षेप हाच होता की तारा तुटल्या तर तुमची गाडी काय कामाची? तारा तुटल्या तर लेसांसचा पंपही विजेवाचून चालत नाही, हे आम्ही त्यांना सांगितले. वादळाची पहिली सूचना मिळताच एवढ्या एका वेळी आम्ही बॅटरी शंभर टक्के भरतो. कामाला जायचे नसते, तेव्हा ती तीन-चार दिवस पुरते. खरा धोका पाण्याचा आहे. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या, ते आपण सर्वांनी पाहिले. विजेच्या गाडीची बॅटरी तळाशी बंदिस्त असते, साध्या पावसाने तिला काही होत नाही. पण गाडी पुरात बुडाली, विशेषतः समुद्राचे खारे पाणी आत शिरले, तर ती वाळली म्हणून सुरू करू नये आणि तार तर मुळीच लावू नये. कित्येक दिवसांनीसुद्धा ती पेट घेऊ शकते. तिला घरापासून दूर ठेवून जाणकाराला बोलवावे.

आमचे अंगण रस्त्याकडे उतरते आहे. सूचना मिळाली की गाडी वरच्या कोपऱ्यात, आंब्याच्या झाडापासून लांब लावायची असे ठरलेले आहे, आणि त्या कोपऱ्यातल्या कुंड्या हलवण्याचे काम दादांनी आपणहून स्वतःकडे घेतले आहे.