वारा फिरेपर्यंत

शिडाच्या होडीतून जग हिंडणाऱ्यांचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांपुढे फुगलेलं शीड येतं. खरं तर अशा प्रवासातले कितीतरी दिवस नांगर टाकून, शीड गुंडाळून बसण्यात जातात. मी स्वतः दर्यावर्दी नाही. बी.ए. होऊन कविता लिहीत बसलेला माणूस. पण घराणं तांडेलाचं, त्यामुळे सफरीची पुस्तकं वाचताना वादळापेक्षा वादळाच्या आधी माणसं काय करत होती, तिकडे माझं लक्ष जातं. आज त्या बसून राहण्याविषयीच बोलतो.

दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा मोसम. त्यामुळे पनामाकडून येणाऱ्या होड्या मधल्या महिन्यांत मार्केसस, ताहिती, बोराबोरा, सामोआ, टोंगा अशा पश्चिमेला सरकत जातात आणि वादळं सुरू होण्याच्या सुमारास बऱ्याचजणी न्यूझीलंड गाठतात. या काळात आग्नेयेकडचे व्यापारी वारे त्यांना पाठीमागून ढकलतात. वेग साधारण १५ ते २० नॉट, म्हणजे ताशी तीसेक किलोमीटर. पण चांगल्या मोसमातलाही प्रत्येक दिवस चांगला नसतो. दक्षिणेला जास्त दाबाचं मोठं क्षेत्र येऊन ठाण मांडून बसलं की हेच वारे ३० नॉटच्या वर जातात आणि कित्येक दिवस उतरत नाहीत. ताहितीकडे याला ‘माराआमु’ म्हणतात. शिवाय सॉलोमन बेटांपासून सामोआवरून आग्नेयेकडे ढगांचा एक लांबलचक पट्टा पसरलेला असतो. तिथे दोन दिशांचे वारे एकमेकांना भिडतात. हा पट्टा कधी उत्तरेला सरकतो, कधी दक्षिणेला. तो डोक्यावर आला की दिवसरात्र पाऊस आणि झोडपणारे वारे. मग होडीवाले बेटाच्या आडोशाला थांबतात.

यातलं एक बेट मला पुस्तकांतून फार जवळचं झालं आहे. त्याचं नाव सुवॉरो. कुक बेटांपैकी, राजधानीच्या रारोटोंगा बेटापासून सुमारे ९३० किलोमीटर वायव्येला. १८१४ साली रशियन जहाज ‘सुवोरोव’ तिथे पोचलं, त्यावरून हे नाव पडलं. भूगोलाच्या पुस्तकात आपण कंकणद्वीप शिकलो, तेच हे. पोवळ्याच्या खडकाचं मोठं कडं, त्यावर मण्यांसारखी चिमुकली बेटं आणि आत शांत पाणी. आत यायला ईशान्येकडून एक वाट आहे. जवळच अँकरेज नावाचं बेट आहे. त्याच्या आडोशाला सगळे नांगर टाकतात.

आता इथली गोम बघा. आडोसा म्हणजे भिंत नव्हे. वारा पूर्वेचा असेल तोवर बेट वाऱ्याच्या बाजूला असतं आणि होडी पाळण्यासारखी डुलते. पण कमी दाबाचा पट्टा जवळून गेला की वारा फिरतो, आणि दक्षिण गोलार्धात तो ईशान्येकडून उत्तर, पश्चिम, नैर्ऋत्य असा उलटा फिरत दक्षिणेला येतो. वारा पश्चिमेचा झाला, की आतल्या पाण्यावर मैलोनमैल धावत आलेल्या लाटा होडीवर आदळतात आणि सकाळी जे बेट पाठराखण करत होतं ते आता होडीच्या मागे दात काढून उभं असतं. नांगर सुटला तर होडी थेट पोवळ्याच्या खडकावर. रात्री बाहेरही पडता येत नाही, कारण पाण्याखालचे खडक दिसायला ऊन वर असावं लागतं. म्हणून राहायचं की निघायचं, हे दुपारच्या आतच ठरवावं लागतं.

राहायचं ठरलं तर कामं पुष्कळ. पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी साखळी सोडायची. वारा फिरला की ही साखळी तळाच्या पोवळ्यांना गुंडाळते, आखडते आणि लाटेच्या हिसक्याने तुटते. म्हणून तिला मधेमधे तरंगते गोळे बांधून तळापासून वर उचलून धरतात. त्यासाठी मोत्यांच्या शेतीतले वाहून आलेले जुने गोळे चालतात. काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून होडी सरकली का ते पाहायचं. आता हे काम उपग्रहाच्या आधाराने यंत्र करतं आणि नांगर घसरला की कर्कश्श ओरडतं. तरी वाऱ्याच्या रात्री कोणीतरी जागंच असतं.

यापुढचं संकट मात्र मनातलं. चार दिवस झाले, पाव भाजून झाला, शिडाचे टाके घालून झाले, शेजारच्या होडीतल्यांशी बोलायचे विषय संपले. कोणाचा परवाना संपत आलेला असतो, कोणाला विमान गाठायचं असतं. होडीवरची सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे कॅलेंडर, असं या लोकांत म्हणतात. हे मला कोणी समजावून सांगायला नको.

१९५४ साली माझे आजोबा मचव्यात मंगळुरी कौलं भरून दाभोळकडे येत होते. जून लागला होता, मोसम संपलेला. जयगडच्या खाडीत ते तीन दिवस थांबले. घर जेमतेम वीस मैलांवर आणि ईद तोंडावर आलेली. खलाशीही म्हणू लागले, तांडेल, निघू या. ते निघाले. मचवा खडपावर गेला, दोन खलाशी परत आले नाहीत. आजोबांनी पुन्हा सुकाणू धरलं नाही. पुढे दादीला ते एकदाच म्हणाले, ‘वाऱ्याचा दोष नाही. मी वारा बघितलाच नाही, चाँद कधी दिसेल ते बघत होतो.’

आजोबांकडे वायुभारमापक नव्हता. उष्ण कटिबंधात हे यंत्र भलतं उपयोगी. इथे हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. श्वासासारखी ही लय रोज चालू असते. तिचा हिशेब वजा करूनही दाब त्या काळाच्या सरासरीपेक्षा ३ मिलिबार खाली गेला तर सावध व्हायचं. ५ मिलिबार उतरला तर वादळ आहेच असं धरायचं. आज होडीत उपग्रहावरून हवामानाचे नकाशे येतात, पण अनुभवी माणूस या यंत्राची वही ठेवतोच.

चक्रीवादळ आलं तर सुवॉरोवर काय होतं? फेब्रुवारी १९४२मध्ये रॉबर्ट डीन फ्रिस्बी हा अमेरिकन लेखक चार लहान मुलांना घेऊन तिथे होता. मुलांची आई पुकापुका बेटावरची, ती १९३९मध्येच वारली होती. समुद्र बेटावर चढला. फ्रिस्बीने मुलांना तमानूच्या झाडांच्या बेचक्यांत दोरांनी बांधलं. मुलं वाचली. पण कड्यावरच्या २२ बेटांपैकी १६ वाहून गेल्याची नोंद आहे. फ्रिस्बीने ही हकीकत पुस्तकात लिहिली. पुढच्या वर्षी त्याच्याच तोंडून सुवॉरोचं वर्णन ऐकून टॉम नील नावाचा न्यूझीलंडचा माणूस वेडावला आणि १९५२ ते १९७७च्या दरम्यान तिथे तीनदा एकटा जाऊन राहिला.

हे तमानू कोणतं, म्हणून मी शोधलं, तर आपली उंडी निघाली. समुद्रकाठी वाळूत उभी राहणारी, जाड चकचकीत पानांची. तिच्या बियांचं तेल कोकणात दिव्याला जळायचं. आमच्या घरामागे एक उंडी आहे. बेचक्यात मूल बसेल एवढी जागा आहे का, ते मी जाऊन पाहिलं. दोन बसतील.

सुवॉरो १९७८पासून राष्ट्रीय उद्यान आहे. होड्यांच्या मोसमात तिथे राखणदार राहायला येतात आणि वादळांचे दिवस जवळ आले की त्यांना बोट येऊन घेऊन जाते.