सोयाबीनमधील पेप्टाइडे आणि रक्तदाबाची गोळी

बीड जिल्ह्यातील केज तालुका हा मांजरा नदीच्या खोऱ्यातील प्रदेश. धनेगावचे मांजरा धरण याच तालुक्यात आहे. खरिपाच्या हंगामात येथील शिवारात सोयाबीनचे पीक दूरवर पसरलेले दिसते. जून-जुलैत पेरणी होते, दसरा-दिवाळीच्या सुमारास मळणी उरकते आणि भरलेले कट्टे खळ्यावरून थेट मोंढ्यात जातात. पुढे लातूर परिसरातील गिरण्यांत त्याचे तेल निघते आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यासाठी रवाना होते. ज्याने पीक काढले त्याच्या ताटात मात्र सोयाबीन अभावानेच आढळते. यात शेतकऱ्याचा दोष नाही. हे पीक त्याने मुळातच नगदी म्हणून स्वीकारले आहे.

आता हेच सोयाबीन निराळ्या रूपाने परत येऊ लागले आहे. 'पेप्टाइड' असा शब्द मिरवणारे भुकटीचे डबे आणि कॅप्सूल बाजारात आहेत. रक्तदाब, साखर, वजन, सांधेदुखी अशा अनेक तक्रारींवर त्यांची शिफारस केली जाते. 'हे सुरू केले तर रक्तदाबाची गोळी बंद करता येईल का?' असा प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो. त्याचे उत्तर 'नाही' असे आहे, हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. मात्र या विषयामागे खरेखुरे विज्ञान आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. जपमाळेतील मण्यांसारखी अमिनो आम्ले एकापुढे एक गुंफलेली असतात. मण्यांचे प्रकार २०. परंतु त्यांचा क्रम बदलला की प्रथिन बदलते. आपण डाळ, दूध किंवा मासळी खातो तेव्हा जठरातील पेप्सिन आणि पुढे आतड्यातील ट्रिप्सिन यांसारखी विकरे ही माळ ठिकठिकाणी तोडतात. त्यातून जे लहान तुकडे होतात, दोन मण्यांपासून साधारण पन्नास मण्यांपर्यंतचे, त्यांना पेप्टाइड म्हणतात. बहुतेक तुकडे पुढे सुट्या मण्यांपर्यंत फुटतात. दोन-तीन मण्यांचे काही तुकडे आतड्याच्या अस्तरातून तसेच आत घेतले जातात. सर्वसाधारणपणे ही शरीराच्या बांधकामाची सामग्री होय. काही तुकडे मात्र सामग्रीपलीकडचे काम करू शकतात, असे संशोधकांच्या ध्यानात आले. १९५० मध्ये मेलँडर या संशोधकाने दुधातील केसीन या प्रथिनाचे तुकडे मुडदूस झालेल्या बालकांच्या हाडांत चुना साठण्यास साहाय्य करतात, असे नोंदवले. या विषयाचा आरंभ सामान्यतः तेथून धरला जातो.

रक्तदाबाशी असलेला संबंध अधिक रोचक आहे. आपल्या शरीरात अँजिओटेन्सिन-१ नावाचे दहा मण्यांचे एक पेप्टाइड तयार होते. ते स्वतः फारसे काही करत नाही. एसीई नावाचे विकर त्याच्या टोकाचे दोन मणी कापते आणि उरलेले आठ मण्यांचे अँजिओटेन्सिन-२ रक्तवाहिन्या आवळते, रक्तदाब वाढतो. हे कापणे रोखता आले तर रक्तदाब उतरेल. रोखणारे द्रव्य सापडले कोठे, तर सापाच्या विषात! आपल्याकडील घोणस-फुरशाच्या कुळातील जराराका हा साप ब्राझीलमध्ये आढळतो. त्याच्या विषातील काही पेप्टाइडे ब्रॅडीकायनिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या द्रव्याचा परिणाम वाढवतात, हे सर्जिओ फेरेरा या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये दाखवले. हीच पेप्टाइडे एसीईला रोखतात, हे पुढे स्पष्ट झाले. अमेरिकेतील स्क्विब कंपनीत कशमन आणि ऑन्डेटी यांनी त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल हे औषध घडवले. १९८१ मध्ये त्यास मान्यता मिळाली. एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही नावे आपल्यापैकी काहींच्या औषधाच्या चिठ्ठीवर असतील. ती याच घराण्यातील होत.

विषात जे आहे ते अन्नातही असू शकेल काय? १९७९ मध्ये जपानी संशोधकांनी जिलेटिन विकराने फोडून एसीईला रोखणारी पेप्टाइडे मिळवली. त्यानंतर दूध, मासळी, सोयाबीन, तांदूळ, अंडी अशा कितीतरी पदार्थांत शोध झाला. समुद्रशेवाळही त्यातून सुटले नाही. जपानमध्ये वाकामे आणि नोरी या शेवाळांपासून मिळवलेली पेप्टाइडे रक्तदाबासाठीच्या विशेष खाद्यपदार्थांत वापरली गेली. वाळलेल्या नोरीमध्ये प्रथिनांचे प्रमाण डाळीच्या तोडीचे, कधी त्याहून अधिक असते. आपल्या शेतकरी बांधवांना समुद्रशेवाळाचा परिचय आहे तो कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या फवारणीच्या अर्कामुळे. त्याच दुकानात 'अमिनो' नावाने मिळणारी बाटलीही बहुधा फोडलेल्या प्रथिनाचीच असते. पिकाला जे टॉनिक म्हणून देतो त्याचेच भावंड आपल्याला डब्यातून विकले जाते, हा योगायोग गमतीचा आहे.

सोयाबीनकडे वळू. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. ग्लायसिनिन आणि बीटा-कॉन्ग्लायसिनिन ही त्यातील दोन प्रमुख प्रथिने. ती विकरांनी फोडली किंवा आंबवली की एसीईला रोखणारे तुकडे मिळतात, हे प्रयोगशाळेत निश्चित झाले आहे. जपानचे नात्तो आणि मिसो, तसेच आपल्याच देशात नागालँडचे अखुनी, मणिपूरचे हवाइजार, सिक्कीमचे किनेमा हे सारे आंबवलेल्या सोयाबीनचे पदार्थ आहेत आणि आंबवताना सूक्ष्मजीवांची विकरे प्रथिने तोडतात. आपल्या घरच्या दह्यातही हेच घडते.

येथवर सर्व ठीक. परंतु परीक्षानळीत विकर रोखणे आणि माणसाचा रक्तदाब उतरवणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. पेप्टाइड जठरात टिकले पाहिजे, आतड्यातून पार झाले पाहिजे आणि रक्तात पुरेशा प्रमाणात पोहोचले पाहिजे. बहुतेक तुकडे वाटेतच फुटतात. शिवाय अन्नातील चांगल्यातील चांगल्या पेप्टाइडांपेक्षा कॅप्टोप्रिल शेकडो पटींनी प्रभावी आहे. आंबवलेल्या दुधातील तीन मण्यांच्या दोन पेप्टाइडांवर सर्वाधिक चाचण्या झाल्या. जपानी लोकांत रक्तदाब काही अंकांनी उतरलेला आढळला, युरोपीय लोकांत अगदी थोडा. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये हा दावा सिद्ध झालेला नाही असा निर्वाळा दिला.

सोयाबीनच्या ल्युनासिन या ४३ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडाची कथा याहून बोलकी आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात डी लुमेन आणि गाल्वेझ यांनी त्यावर काम केले. फिलिपिन्सच्या टागालोग भाषेत 'लुनास' म्हणजे इलाज. त्यावरून हे नाव पडले. पेशींवरील व प्राण्यांवरील प्रयोग आशादायक होते. पुढे ल्युनासिन बाजारात आले आणि एएलएस या स्नायू दुबळे करणाऱ्या असाध्य रोगाच्या रुग्णांनी मोठ्या आशेने ते घेण्यास आरंभ केला. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ५० रुग्णांवर वर्षभराची चाचणी झाली. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : रोगाची गती मंदावली नाही. नाव इलाजाचे असले म्हणून इलाज होत नाही. सोया प्रथिनांविषयीही असाच फेरविचार झाला आहे. हृदयरोगाचा धोका कमी करण्यासाठी दररोज २५ ग्रॅम सोया प्रथिने, हा मजकूर वेष्टनावर छापण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये अनुमती दिली. २०१७ मध्ये त्याच प्रशासनाने पुरावा सुसंगत नसल्याचे सांगून ती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला.

आमची चिंता डब्याच्या किमतीपुरती नाही. केज, धारूर, वडवणी, पाटोदा या भागांतून हजारो कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने कोपीत मुक्काम, पहाटेपासून फडात काम आणि जेवणात भाकरीबरोबर बहुधा चटणी. गावाकडे सुरू असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या अशा वेळी खंडित होणे सोपे असते. त्यात कोणी 'नैसर्गिक पेप्टाइड' हाती दिले, तर गोळी कायमची सुटू शकते. वाढलेला रक्तदाब दुखत नाही. तो कळतो तेव्हा कधीकधी पक्षाघात झालेला असतो. निघण्यापूर्वी शासकीय रुग्णालयातून अधिक दिवसांच्या गोळ्या मागून घ्याव्यात आणि औषधाची चिठ्ठी जवळ ठेवावी. गरोदर स्त्रीने 'प्रिल' घराण्यातील गोळ्या घेऊ नयेत. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे, म्हणजे ते निराळे औषध देतील.

मग सोयाबीन खावे की नाही? अवश्य खावे, परंतु अन्न म्हणून. ज्वारी-गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते, सोयाबीनमध्ये ते भरपूर आहे. भाकरीला ही जोड उत्तम. प्रायश्चित्तकाळात मांस वर्ज्य करणाऱ्या घरांनाही ती उपयोगी पडेल. मात्र कच्चे सोयाबीन दळून पिठात मिसळणे योग्य नव्हे. त्यात ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्ये असतात. त्यांपैकी एक कुनित्झ या शास्त्रज्ञाने १९४५ मध्ये वेगळे केले. विकरच अडले तर प्रथिन पचणार कसे आणि पेप्टाइड तरी सुटणार कसे? म्हणून साल काढलेली सोयाडाळ उकळत्या पाण्यात सुमारे अर्धा तास शिजवावी, कडक उन्हात वाळवावी आणि नंतर नऊ किलो गव्हास एक किलो या प्रमाणात दळावी. हे कुनित्झ द्रव्य नसलेली 'एनआरसी १२७' ही जात इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने विकसित केली आहे. तरीही शिजवणे टाळू नये. बाजारातील सोयावडी तयार होतानाच उष्णतेतून गेलेली असते, ती भाजीत किंवा वरणात टाकता येते.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती आणि सोयाबीनचे पदार्थ यांत काही तासांचे अंतर ठेवावे, कारण सोयाबीनमुळे गोळीचे शोषण घटते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. सोयाबीन खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील किंवा श्वास लागत असेल तर ते पूर्णपणे वर्ज्य करावे. अशा व्यक्तीला सोया पेप्टाइडची भुकटीही चालणार नाही.